आठ वाजताचं पाणी

११ जानेवारी, रविवार

धाकट्या,

सुरुवातीला तुला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो. तुझा पत्ता आतेभावाकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. मी तीनदा विचारलं तेव्हा कुठे त्याने दिला, आणि वर म्हणाला, "मी दिला असं मात्र सांगू नकोस." तेही सांगून टाकलं.

मला विद्यापीठात पीएच.डी.साठी जागा मिळाली आहे. हसायचं तर हस. एकोणपन्नास संपत आलं. बाहेरून परीक्षा देत देत एम.एस्सी. झालो तेव्हाच लोकांना पुरेसं हसू आलं होतं. मुलाखतीच्या दिवशी मी बाकावर बसलो होतो, तर एका मुलीने मला शिपाई समजून बाटली पुढे केली, "काका, जरा पाणी भरून द्याल का?" मी भरून दिली. तीही त्याच मुलाखतीला आली होती. आता आमचा वर्ग एकच असणार, आणि माझं नाव पुकारलं तेव्हापासून ती माझ्याकडे बघायचं टाळत होती.

विषय आपल्याच नदीचा. उन्हाळ्यातली तिची पातळी साठ वर्षांत किती आणि कशी उतरत गेली, हा. माझ्या मार्गदर्शक बाईंना पाटबंधारे खात्याच्या कपाटात आपल्या नोंदवह्या सापडल्या. पस्तीस वर्षं नानांच्या हातच्या आणि सव्वीस माझ्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. "एवढी लांब, न तुटलेली नोंद मी दुसरीकडे पाहिली नाही," म्हणाल्या. मधल्या आठ महिन्यांचं अक्षर वेगळं आहे, तेही त्यांच्या लक्षात आलं. मी सांगितलं की तेव्हा नानांचा पाय मोडला होता आणि माझा भाऊ नोंद घेत असे.

तू गेलास तेव्हा होती तीच पद्धत आजही आहे. सकाळी आठला घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, दगडात बसवलेल्या पट्टीवर पाणी कुठे टेकलंय ते बघायचं, आकडा वहीत लिहायचा, सही करायची. दिवसभर खात्याच्या त्या दोन खोल्यांत कारकुनी. मी एकही सकाळ चुकवलेली नाही. तुझ्या पुतणीचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा आधी पायऱ्या उतरलो आणि मग मांडवात गेलो.

आता अडचण ऐक. शहर इथून बसने तीन तास दहा मिनिटं. पहिली बस पाच चाळीसची. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस हजेरी लावायची आहे. म्हणजे एकतर तिकडे खोली घेऊन राहायचं, नाहीतर ये-जा करायची. अर्जाच्या मागच्या पानावर दोन चौकटी आहेत, 'शहरात राहणार' आणि 'ये-जा करणार'. पाच फेब्रुवारीपर्यंत एकीत खूण करून द्यायची. ये-जा करणाऱ्याला कार्यालयाचा दाखलाही लागतो, की नोकरीच्या वेळा शिक्षणाच्या आड येत नाहीत.

राहायला गेलो तर आठ वाजता पायऱ्यांवर कोणी नाही. ये-जा केली तर त्या तीन दिवशी आठ वाजता मी बसमध्ये. तुझी वहिनी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे, तिची पाळी साडेसातला सुरू होते. दुसरा माणूस खातं देणार नाही. आमचे साहेब म्हणाले, "काका, वरचे लोक तुमच्या निवृत्तीचीच वाट बघतायत. तुम्ही सोडलंत की पट्टी बंद." म्हणजे ज्या नोंदीचा अभ्यास करायला जायचं, ती मी गेलो की संपणार.

आणि नाना. चौऱ्याऐंशी झाले. डोळ्यांना आता उजेड आणि सावली इतकंच कळतं. खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. मी घाटावरून आलो की माझ्या पावलांवर मान वळवतात आणि विचारतात, "किती?" मी आकडा सांगतो. "हं," म्हणतात. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं होतं.

तुला का लिहितोय, तर आठचा आकडा म्हणजे काय हे कळणारी माणसं तीनच, आणि त्यातले दोघे या घरात अडकून बसले आहेत. तू काय केलं असतंस, सांग.

दादा

१६ जानेवारी, शुक्रवार

धाकट्या,

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, असं स्वतःला सांगतो आहे.

तीन आठवड्यांचे तयारीचे वर्ग सुरू झाले, मंगळवार ते गुरुवार. म्हटलं, खूण करायच्या आधी ये-जा जमते का ते बघावं. आठच्या आकड्याची सोय केली आहे.

बसमध्ये मी चाकावरच्या सीटवर बसतो, कारण ती कोणाला नको असते आणि मला शेजार मिळत नाही. गुडघे छातीशी येतात. जाताना वाचायचं ठरवतो आणि खिडकीच्या काचेत स्वतःचंच तोंड बघत बसतो. परत यायला रात्रीचे आठ वाजतात. तुझी वहिनी पान वाढते आणि समोर बसते. परवा म्हणाली, "जायचं तर जा, राहायचं तर राहा. हे अर्धं अंग इथे आणि अर्धं तिथे असलं की मला पेशंट असल्यासारखं वाटतं. दवाखान्यात तेच आणि घरी तेच."

मी म्हटलं, "नानांचं काय?"

"नानांना मी बघते. तुम्ही असता तेव्हा तरी कोण बघतं?"

ते खरंच आहे. आंघोळ तीच घालते, गोळ्या तीच देते. माझ्याकडे फक्त आकडा.

एक गोष्ट सांगायची आहे. पुलाखाली तेव्हा एक स्वयंचलित यंत्र होतं, आठवतं? पिंपात तरंगणारा गोळा आणि वर फिरत्या कागदावर रेघ ओढणारी निब. तीन वर्षं चाललं आणि बिघडलं. त्याच्या कागदाच्या गुंडाळ्या विद्यापीठाच्या तळघरात निघाल्या. बुधवारी बाईंनी त्या टेबलभर उलगडल्या आणि त्यावर आमचे आकडे टाचणीने टोचून दाखवले. नानांचे आकडे रेघेच्या जरा वर, जरा खाली. तेच नंतर माझे. आणि मधले आठ महिने रेघेवरच. एकेक टाचणी रेघ चिरत गेलेली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "एकसष्ट वर्षं ही नदी फक्त सम आकड्यांवरच थांबली का हो?"

मी म्हटलं, "पट्टीवर खुणा दोन-दोन सेंटीमीटरच्या आहेत. विषम खूणच नाही."

"खूण नाही, पण पाणी आहे ना? या माणसाला मधलं पाणी दिसत होतं. पंचावन्न, सदुसष्ट, एक्काहत्तर. बघा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याऐवजी हा विद्यार्थी मिळाला असता तर मी वर्षभरात निवृत्त झाले असते."

सगळे हसले. मीही हसलो.

तुला आनंद व्हावा म्हणून लिहिलं.

दादा

२५ जानेवारी, रविवार

धाकट्या,

तुझं कार्ड परवा मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उभं. "दादा, तुला नेमकं काय हवं आहे ते एका ओळीत लिही." एवढंच, आणि खाली सही नाही.

दोन दिवस झाले, ओळ जुळवतो आहे. आपल्या शाळेत गुरुजी पाटीवर एकच ओळ लिहून घेत आणि ती नीट येईपर्यंत पुसायला लावत, तसं चाललं आहे. शेवटी ही ठेवतो:

मी तुला पाणी वाचताना पाहिलं होतं आणि नानांसमोर बोललो नाही.

आता ओळीच्या पुढचं. वाचायचं की नाही हे तू ठरव.

नानांचा पाय बघायला डॉक्टर लवकर आले होते, म्हणून मला तुला हाक मारायला पाठवलं. घाटाच्या भिंतीशी आलो. तू शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून होतास. डावा हात पट्टीभोवती धरला होतास, तरंग थांबावेत म्हणून, आणि गाल पाण्याला लागेल इतका खाली वाकला होतास. किती वेळ तसाच. नाना तिसऱ्या पायरीवरून, उभ्यानेच, जी खूण ओली दिसेल ती लिहीत. मीही पुढे तेच केलं. त्या दिवशी मी हाक न मारता परत आलो. "येतोय तो," एवढंच सांगितलं.

महिन्याभराने नानांसमोर वही उघडून मीच बोट ठेवलं. "पट्टीवर विषम खूण नाही, मग हा पंचावन्न कुठून आणतो?" मला माहीत होतं तू कुठून आणतोस. जागा एक होती. नाना वर्षभरात निवृत्त होणार होते आणि खातं त्यांच्याकडे एकच नाव मागणार होतं. माझं लग्न ठरलं होतं, आणि मुलीकडच्यांना सांगितलं होतं की नोकरी लागल्यातच जमा आहे. मग त्या वेळच्या साहेबांसमोर नाना म्हणाले, "घरी बसून मनाचे आकडे लिहितो हा." तू एकदाच बोललास. "उतरून बघा ना कोणी." साहेबांच्या पायात बूट होते. नानांच्या पायाला प्लास्टर होतं. मला काही झालेलं नव्हतं.

आधीच्या पत्रांत दोन ठिकाणी खोटं लिहिलं आहे, तेही दुरुस्त करतो. बाईंना मी 'माझा भाऊ' असं सांगितलेलं नाही. 'बदलीचा माणूस होता' असं सांगितलं. त्यांनी नाव विचारलं तर म्हटलं, आठवत नाही.

दुसरं, तू त्याच शहरात राहतोस हे माहीत असूनही त्या शहराशी तुझा काही संबंध नसल्यासारखं लिहिलं. मुलाखतीच्या दिवशीच तुझ्या दुकानासमोर उभा राहिलो होतो. समोरच्या औषधाच्या दुकानात एक मलम घेतलं, मग दुसरं घेतलं. काचेतून तू दिसत होतास. चष्म्याची भिंगं घासत होतास आणि मध्येच उजेडाकडे धरून एक डोळा मिटत होतास. तुझे केस माझ्याआधी पिकले. औषधवाला म्हणाला, "अजून काही?" मी नाही म्हटलं आणि बस गाठली.

म्हणून खूण होत नाही. आकडा हे एक कारण. तिकडे राहायला आलो तर तुझ्याच शहरात राहीन, हे दुसरं.

दादा

३० जानेवारी, शुक्रवार

धाकट्या,

आज उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण हे तुझं आहे आणि माझ्याजवळ ठेवणं बरोबर नाही.

आठच्या आकड्याची सोय केली असं लिहिलं होतं, ती सोय अशी होती. बसच्या आधी, पाच वाजता, बॅटरी घेऊन पायऱ्या उतरायचो, आकडा बघायचो आणि वहीत वेळ 'आठ' लिहायचो. साहेबांनीच सुचवलं होतं. "पाचला घेतला काय, आठला घेतला काय. नदी कुठे पळून जातेय?"

"पळतेच आहे साहेब, तेच तर मोजतो."

त्यांनी हसून दाखल्यावर सही केली. आकडा खरा होता, वेळ खोटी. उतरण्याआधी मी पाण्याकडे बघून हात जोडतो, ते रोजचं आहे. या दिवसांत हात जोडायचो आणि काय म्हणावं ते सुचायचं नाही, मग नुसता उभा राहून बस चुकेल म्हणून निघायचो.

बुधवारी वरच्या धरणातून पाणी सोडलं. आधी कळवतात, पण ते कार्यालयात, आणि कार्यालय दहाला उघडतं. मी रात्री घरी आलो तर नाना खुर्चीत नव्हते. अंगणात उभे होते, काठी घेऊन, धोतरावर गुडघ्यापर्यंत वाळलेला गाळ.

"किती लिहिलंस?" म्हणाले.

मी बूट काढत म्हटलं, "बेचाळीस."

"सातनंतर पाण्याचा आवाज बदलला. सूनबाईला म्हटलं, कामावर जाताना मला घाटापर्यंत सोड. तिने सोडलं. काठीने पायऱ्या मोजत उतरलो. आठचे टोल पडले तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला होतं, चौथ्या पायरीवर. चौथ्या पायरीवर बेचाळीस असतं का?"

चौऱ्याऐंशी वर्षांचा आंधळा माणूस, एकटा, चढत्या पाण्यात. परत वर कसे आले ते विचारलं तर म्हणाले, "उतरलो तसा."

मी खरं सांगितलं. पाच वाजता वाचतो आणि आठ लिहितो. किती दिवस, विचारलं. आठ दिवस, म्हटलं.

"पस्तीस वर्षांत मी वेळ खोटी लिहिली नाही."

आणि मला राग आला. तुला माहीत आहे, मला राग येत नाही, आलेला दिसत नाही. मी म्हटलं, "खोटं लिहिणाऱ्याला तुम्ही घराबाहेर काढता. मग मलाही काढा."

नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग साध्या आवाजात म्हणाले, "त्याने खोटं कुठे लिहिलं होतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याचे आकडे खरे होते," म्हणाले. "माझ्यापेक्षा खरे. प्लास्टर निघाल्यावर मी एकदा वाकून बघितलं. पंचेचाळीस होतं. वाकल्यावर दिसतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"नाव एक द्यायचं होतं. तो हुशार, तो आज ना उद्या गेला असता. चार वर्षांनी, पाच वर्षांनी. तू जाणारा नव्हतास. पट्टीला हुशार माणूस नको असतो, राहणारा लागतो."

"आणि त्याला काय वाटलं असेल?"

"ते मी रोज मोजतो," म्हणाले. मग दाराची चौकट धरून आत जाता जाता थांबले. "आता तूही जायचं म्हणतोस. म्हणजे माझं गणित दोन्हीकडे चुकलं."

धाकट्या, मी सव्वीस वर्षं समजत होतो की मी तुझी जागा चोरली. चोराला निदान वाटतं की आपण काहीतरी मिळवलं. मला तर निवडलं होतं, जसा खुंटा निवडतात, हलणार नाही म्हणून. मी काही न बोलता बसलो असतो तरी नाव माझंच गेलं असतं. म्हणजे तुझ्यावर बोट ठेवायची गरजसुद्धा नव्हती. ते मी फुकट केलं.

हे लिहून मी सुटत नाही, हे मला कळतं.

दादा

६ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्या,

खूण केली. कशी केली ते सांगतो, कारण ती मी केली असं म्हणवत नाही.

दोन तारखेला तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती उद्याचा गणवेश इस्त्री करत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या वडिलांना जी नोकरी सांगितली होती, ती माझ्या दिराची होती."

"हो."

"इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही देवाचं करता म्हणून असे गप्प." बाही उलटवून तिने दुसरी बाजू इस्त्री केली. "मग आता काय? राहून फेडणार आहात का? इथे राहून कोणाचं काय फिटणार आहे?"

मी म्हटलं, राहिलो तर नानांचं म्हणणं खरं ठरतं, की मी हलणारा नाही. गेलो तर पट्टी बंद होते, आणि ती बंद करणारा मी. ये-जा केली तर रोज खोटी वेळ. तिन्ही दारं बघून झाली.

"तुम्ही दारं बघत बसता," ती म्हणाली. "मी पेशंटला विचारते, दुखतंय कुठे. तिथून सुरुवात करते."

दुखत होतं त्या आठ ओळींत. तीन तारखेला कार्यालयात नोंदवही उघडली आणि लाल शाई मागितली. खोडायचं नाही, वरून एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, कारण लिहायचं, सही, तारीख, असा नियम आहे. पहिल्या ओळीवर रेघ मारली आणि 'वेळ पहाटे पाच' असं लिहिलं. साहेब खुर्ची सरकवून आले. चांगला मुलगा आहे, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान.

"काका, काय करताय?"

मी सांगितलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. "नियम माहीत आहे ना? वर्षात तीन दुरुस्त्या चालतात. चौथी झाली की मला वर कळवावं लागतं, आणि वर गेलं की ते माणूसही काढतात आणि ठिकाणही. त्यांना कारणच हवंय. तीन लिहा, पाच सोडून द्या."

"कुठली तीन?"

"तुम्हाला आवडतील ती."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग ते म्हणाले, "मी चेष्टा करत नाही, काका. सही मी केली होती दाखल्यावर. माझंही नाव जाईल."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पेन तसंच धरून बसलो. पुन्हा कोणाचं तरी नाव माझ्या बोटाखाली होतं. मी म्हटलं, "दाखला तुम्ही माझ्या शब्दावर दिलात, असं मी कारणात लिहितो. ते खरंही आहे. तुम्ही सुचवलंत, पण लिहिलं मी."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी दुसरी ओळ केली, तिसरी केली. चौथीला हात थांबला. तेवढा एक क्षण पूर्ण मोकळा होता, तीन झाल्या होत्या, नोकरी होती, पट्टी होती, आणि साहेबांची पाठ माझ्याकडे होती. मग चौथी केली. पुढच्या चार करायला वेळ लागला नाही.

म्हणून म्हणतो की चौकटीत खूण मी केली नाही. चौथ्या ओळीनंतर 'शहरात राहणार' एवढंच उरलं होतं. काल अर्ज देऊन आलो. राजीनामाही दिला, शेवटचा दिवस चौदा तारीख; वरून पत्र यायची वाट बघितली नाही.

नानांना सांगितलं. "बरं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चौदा तारखेपर्यंत वाचशील ना?" मी हो म्हटलं. रोज शेवटच्या पायरीवर गुडघे टेकतो आणि हाताने तरंग अडवतो. दिसतं. इतकं सोपं होतं.

बाईंना तुझं नाव सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, कामाला लागल्या. ते आठ महिने पायाभूत धरून बाकीच्या साठ वर्षांची चूक काढता येईल म्हणाल्या. पण त्यासाठी नोंद घेणाऱ्याने पाणी कसं वाचलं याचं निवेदन लागतं, आणि पाहणाऱ्या एकाची साक्ष. निवेदनाचा कागद सोबत जोडला आहे. तू भर किंवा फाड. साक्षीच्या कागदावर मी सही करून दिली आहे. भिंतीशी उभा होतो, किती पायऱ्यांवरून पाहिलं, किती वेळ पाहिलं, सगळं लिहिलं. शेवटी एक रकाना होता, 'पाहिलेली गोष्ट त्या वेळी कोणाला सांगितली का?' तिथे 'नाही' लिहिलं.

दादा

२२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

कागद मिळाला. बाईंनी मला दाखवला, हातात दिला नाही, म्हणाल्या की मूळ प्रत फाइलला जाईल. तू तो थेट त्यांना पाठवलास, हे योग्यच केलंस. पान भरून लिहिलं आहेस. तरंग अडवायचा हात, थंडीत बधिर झाला की बदलायचास, हे मला माहीत नव्हतं. मी पाहिलं त्या दिवशी डावा होता. माझं नाव कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

खोली विद्यापीठाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीची टाकी दिसते. तुझं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. खोली मुद्दाम इकडे घेतली. येता-जाता तुला दिसावं आणि तुला दोनपैकी काहीतरी ठरवावं लागावं, असं नको होतं.

पट्टी पंधरा तारखेपासून बंद. तुझी वहिनी फोनवर सांगते की नाना अजून विचारतात. ती कामावरून थोडा वेळ घरी येऊन जाते, तेव्हा तिच्या पावलांवर मान वळवतात. पहिल्या दिवशी तिने समजावून सांगितलं की आता कोणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. आता ती म्हणते, "आहे पाणी." नाना म्हणतात, "बरं."

मला वाटलं होतं, तिकडून निघालो की छातीवरचं उतरेल. उतरलं नाही. वर्गात मन लागतं, तेवढं खरं. बाटलीवाली मुलगी आता शेजारी बसते आणि गणिताची एक पायरी अडली की वही माझ्याकडे सरकवते. पण सकाळी पावणेआठ झाले की माझे पाय चपलेत जातात. मी त्यांना सांगत नाही. जिना उतरतो, फाटकापर्यंत जातो, रस्त्याच्या कडेला थांबतो. कोणी विचारलं तर दूधवाल्याची वाट बघतो असं सांगायचं ठरवून ठेवलं आहे. कुठेही जायचं नसतं. आठ वाजून जातात, मग परत वर येतो आणि खाटेवर बसतो. प्रार्थनाही तिथेच, फाटकापाशी उभ्यानेच होते.

मला एकोणपन्नासाव्या वर्षी हे झालं, आणि स्वतःहून आलो तेव्हा. तू वीस वर्षांचा होतास आणि तुला काढलं होतं.

तेव्हा या शहरात तू सकाळी आठ वाजता काय करायचास? एवढंच मला हवं आहे, एका ओळीत.

दादा